जनहिताची वकिली: कॉलेजपासून कोर्टापर्यंत कशानंतर काय करायचे

शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की एक प्रश्न हमखास येतो: "मला मानवी हक्कांवर काम करायचंय, अर्ज कुठे करू?" तोवर इंटर्नशिपचे आठवडे संपलेले असतात. खटल्याची एकही फाइल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेली नसते आणि घरी पैशांचा विषय निघालेलाच नसतो. विचारणाऱ्याची तळमळ खरी असते, पण क्रम उलटा झालेला असतो. आधी संस्थेचे नाव, मग विषय, मग जमले तर कौशल्य, आणि पैशांचा विचार सगळ्यांत शेवटी. अशाने चांगली मुले वर्ष-दीड वर्षात थकून बाहेर पडतात, आणि ज्यांना त्यांची गरज होती ते पक्षकार वकिलाविना राहतात.

पुढचे टप्पे महाराष्ट्रात तीन किंवा पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम करणाऱ्यांसाठी आहेत. क्रम सांभाळा. एखादा टप्पा लवकर उरकला तर हरकत नाही, पण त्याला वळसा घालून पुढे जाऊ नका.

## टप्पा १: विषय नको, प्रश्न आणि ठिकाण ठरवा

"महिला हक्क", "पर्यावरण", "आदिवासींचे हक्क" ही पुस्तकातल्या प्रकरणांची नावे झाली. त्यावरून उद्या सकाळी नेमके कुठे जायचे ते कळत नाही. म्हणून दोन गोष्टी एकत्र लिहून काढा: कोणाचा कोणता प्रश्न, आणि तो कोणत्या टेबलासमोर सुटतो.

असे: जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळाल्याने आत राहिलेले कच्चे कैदी, आणि त्यांच्यासाठी न्यायदंडाधिकारी व सत्र न्यायालय. घरातून हाकललेली बाई, आणि तिच्यासाठी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी व न्यायदंडाधिकारी. वनहक्काचा फेटाळलेला दावा, आणि त्यासाठी ग्रामसभा, उपविभागीय समिती व जिल्हा समिती. नदीत सोडलेले रासायनिक पाणी, आणि त्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळ व पुण्यातले राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे खंडपीठ.

ठिकाण लिहिले की दोन गोष्टी आपोआप उघड होतात. एक, बहुतेक प्रश्न उच्च न्यायालयाच्या कितीतरी आधी, तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या पातळीवर अडलेले असतात. दोन, काही ठिकाणी वकिलाची भूमिकाच वेगळी असते. कौटुंबिक न्यायालयात वकील लावणे हा पक्षकाराचा आपसूक हक्क नाही, १९८४ च्या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे न्यायालयाची परवानगी लागते. वनहक्काच्या कामात कोर्टापेक्षा ग्रामसभेचे ठराव, नकाशे आणि पुरावे नीट लावण्यातच बहुतेक वेळ जातो. कोर्टात उभे राहण्याची हौस असलेल्याने हे आधीच ओळखलेले बरे.

तपासा: तुमचे वाक्य शेजारच्या काकूंना कळते का? "सामाजिक न्याय क्षेत्रात योगदान" असे काही लिहिले असेल तर पुन्हा लिहा.

## टप्पा २: इंटर्नशिपचे आठवडे आधी वाटून घ्या

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप लागते. एका वर्षात ती सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही. म्हणजे तीन वर्षांवाल्याच्या हाती मोठे असे तीनच तुकडे येतात. एक वाया गेला की एक तृतीयांश गेले.

सगळ्यांत जास्त आढळणारी चूक म्हणजे हे तिन्ही तुकडे दिल्ली-मुंबईच्या नावाजलेल्या कार्यालयांत घालवणे. तिथे संशोधनाच्या टिपणांपलीकडे क्वचितच काही हाती येते. मी क्रम असा सुचवेन.

पहिला तुकडा फौजदारी काम करणाऱ्या वकिलाकडे, जिल्हा किंवा तालुका न्यायालयात. काम काय मिळेल याची चिंता करू नका. बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, कसा वाचायचा, पुकारा झाल्यावर काय होते, रोजनाम्यात काय लिहिले जाते, नकलेचा अर्ज कुठे द्यायचा, तारीख का पडते, एवढे कळले तरी तुकडा सार्थकी लागला.

दुसरा तुकडा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात. अर्ज सचिवांच्या नावाने करायचा. हे सचिव न्यायिक अधिकारी असतात आणि कार्यालय सहसा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाचे कलम १२ पाठ करून जा. मोफत वकील कोणाला मिळतो याची यादी त्यात आहे: महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीतील व्यक्ती, आपत्तिग्रस्त, आणि ठरावीक उत्पन्नमर्यादेखालचे इतर लोक. महिलेला किंवा कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. खुद्द कोर्टाच्या आवारातही अनेकांना हे ठाऊक नसते, आणि "दारिद्र्यरेषेचे कार्ड आणा" असे सांगून बाईला परत पाठवले जाते. तिथे तुम्ही कलम दाखवू शकलात तर ती तुमची पहिली खरी कामगिरी.

तिसरा तुकडा तुमच्या प्रश्नावर काम करणाऱ्या संस्थेत. आता तुम्हाला फाइल समजते, त्यामुळे तुमच्या हाती फाइल दिली जाईल.

चार आठवड्यांची मर्यादा सक्तीच्या इंटर्नशिपला आहे. वर्षभर शनिवारी काम करायला कोणी अडवत नाही. कायद्याच्या विद्यार्थ्यांना विधी स्वयंसेवक, म्हणजे पॅरालीगल व्हॉलंटिअर म्हणूनही घेतले जाते. सुट्टीतल्या एका महिन्यापेक्षा एकाच ठिकाणी वर्षभर सातत्याने केलेले काम जास्त शिकवते, आणि पुढे तुमच्याबद्दल दोन शब्द सांगणारा माणूसही मिळवून देते.

सावध: तुरुंगात, बालगृहात किंवा आधारगृहात परस्पर जाऊ नका. परवानगी प्राधिकरणामार्फत किंवा संस्थेमार्फतच घ्या. आत ऐकलेले बाहेर लिहू नका. लैंगिक गुन्ह्यातील पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि बालकांच्या बाबतीत पॉक्सो कायद्याचे कलम २३ लागते. नाव न घालता गाव, शाळा आणि तारीख लिहिली तरी ओळख पटते. समाजमाध्यमांवर "आजचा अनुभव" टाकणाऱ्यांनी हे दोनदा वाचावे.

## टप्पा ३: हाताला येणारी कौशल्ये

हा टप्पा मोठा आहे, कारण नेमका हाच गाळला जातो. मूट कोर्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या अभिरूप न्यायालयात, बक्षीस मिळवलेल्या विद्यार्थ्यासमोर हस्तलिखित पंचनामा ठेवला की तो गडबडतो.

फाइल वाचणे. सीनियरच्या परवानगीने निकाल लागलेल्या एखाद्या फौजदारी खटल्याची पूर्ण फाइल घ्या. आधी नुसत्या तारखा काढा: घटना, फिर्याद, अटक, पहिला रिमांड (आरोपीला कोठडीत ठेवण्याचा न्यायालयाचा आदेश), जबाब, वैद्यकीय तपासणी, मुद्देमाल जप्ती, दोषारोपपत्र. समोर पान क्रमांक लिहा. मग फिर्यादीतली हकीकत आणि साक्षीदारांचे पोलिसांसमोरचे जबाब शेजारी ठेवून फरक टिपा. शेवटी दोन पानांचे टिपण: फिर्यादी पक्षाचे म्हणणे काय, ते कोणत्या पुराव्यावर उभे आहे, कुठे डगमगते. निकाल त्यानंतरच वाचा. अशा दहा फाइली झाल्या की नजर बसते.

मुदती मोजणे. गरीब पक्षकाराचे स्वातंत्र्य बरेचदा साध्या बेरजेवर अवलंबून असते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, लागू आहे. तिच्या कलम १८७ प्रमाणे ठरलेल्या ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र आले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. पण तो मागावा लागतो. दोषारोपपत्र आधी दाखल झाले आणि अर्ज राहून गेला, तर हक्क हातचा जातो.

याच संहितेच्या कलम ४७९ चे उदाहरण सोडवून पाहा. साध्या चोरीला न्याय संहितेच्या कलम ३०३(२) प्रमाणे कमाल शिक्षा तीन वर्षे. कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या निम्मा काळ, म्हणजे दीड वर्ष, आत काढला की तो सुटकेला पात्र होऊ शकतो. पूर्वी कधीच शिक्षा झालेली नसेल तर एक तृतीयांश, म्हणजे एक वर्ष पुरते. आता अपवाद तपासा: फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेला गुन्हा आहे का? त्याच्यावर आणखी खटले किंवा तपास प्रलंबित आहेत का? विलंब आरोपीमुळेच झाला आहे का? पात्र कैद्यासाठी न्यायालयाला लेखी कळवणे हे कारागृह अधीक्षकाचे काम आहे, तरीही यादीतून नाव सुटते. अशी सुटलेली नावे शोधणारा विद्यार्थी, माझ्या मते, तीन मूट जिंकणाऱ्यापेक्षा या वाटेवर खूप पुढे असतो.

आदेशानंतरचे काम. "जामीन झाला" म्हणजे काम संपले असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी घालून दिलेल्या निर्देशांचा क्रम लक्षात ठेवा. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृह अधीक्षकामार्फत कैद्याला मिळाली पाहिजे. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे. महिन्याभरात हमी भरली गेली नाही तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते. स्थानिक जामीनदाराचाच आग्रह हे अडकून पडण्याचे एक कारण असल्याचे न्यायालयाने नोंदवले आहे. म्हणून फाइल हातात आली की विचारा: ऐपतीचा दाखला कोण देईल? जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच लेखी हमीवर, किंवा रोख रकमेवर सुटकेची मागणी केली का? अट बदलण्याचा अर्ज कोणत्या तारखेला द्यायचा?

दोन्ही भाषांत लिहिणे. खालच्या न्यायालयांत फिर्याद, जबाब, सातबारा, फेरफार सगळे मराठीत असते. उच्च न्यायालयात इंग्रजी लागते. मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीचा न्यूनगंड असतो आणि इंग्रजी माध्यमातले "मराठी येतेच" म्हणून सोडून देतात. दोघांनीही आठवड्याला एक अर्ज दोन्ही भाषांत लिहावा. पक्षकाराला त्याच्या शपथपत्रात नेमके काय लिहिले आहे हे त्याच्या बोलीत सांगता आले पाहिजे. सही घेण्याआधी ते सांगणे ही तुमची जबाबदारी.

ऐकणे. पहिल्या भेटीत पहिली दहा मिनिटे मध्ये बोलू नका. मग तारखा विचारा, मग कागद. "आपण जिंकू" असे कधीही म्हणू नका. "पुढची तारीख अमुक, त्या दिवशी हे होईल, त्याआधी तुम्ही हा कागद आणायचा" एवढे सांगा आणि लिहून द्या.

तपासा: ई-कोर्ट्सच्या ॲपवर सीएनआर क्रमांक, म्हणजे खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, टाकून कोणत्याही खटल्याची पुढची तारीख, टप्पा आणि मागचे आदेश तुम्ही न अडखळता सांगू शकता का?

## टप्पा ४: पैशांचे बोलणे, शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच

याबद्दल बोलायला संकोच वाटतो. ध्येयवाद आणि भाडे एकाच दमात उच्चारणे कमीपणाचे वाटते. पण पैशांचे गणित न करता आलेली माणसे या कामात टिकत नाहीत, आणि अर्ध्यावर वकील बदलला की हाल पक्षकाराचे होतात.

कागदावर दीड वर्षाचा खर्च मांडा: राहणे, जेवण, प्रवास, पुस्तके, काळा कोट आणि बँड, कर्जाचा हप्ता असेल तर तो कधी सुरू होतो, घरी पाठवायची रक्कम. मग दुसऱ्या बाजूला येणारी रक्कम. कनिष्ठ वकिलांना शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असे बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात म्हटले. ती शिफारस आहे, बंधन नाही. बऱ्याच ठिकाणी यापेक्षा बरेच कमी मिळते. म्हणून सीनियरकडे रुजू होण्याआधी रक्कम, तारीख आणि स्वतःची प्रकरणे घेण्याची मुभा या तीन गोष्टी स्पष्ट विचारा. विचारल्याने मान कमी होत नाही.

जमा-खर्चातला खड्डा मोठा असेल तर दोन प्रामाणिक मार्ग आहेत. एक, पहिली काही वर्षे मिश्र वकिली: मोटार अपघात दावे, धनादेश न वटल्याची प्रकरणे, दिवाणी दावे यांतून घर चालवायचे आणि ठरावीक दिवस जनहिताच्या कामाला द्यायचे. दोन, आधी मानधन असलेले पद. पहिला मार्ग घेतलात तर हितसंबंधांचा संघर्ष टाळा. वस्तीतल्या रहिवाशांची बाजू मांडणाऱ्याने त्याच वस्तीच्या विकासकाचे करारपत्र तपासायला घेऊ नये, मग ते कितीही "साधे कागदाचे काम" असो.

## टप्पा ५: सनद, आणि नोकरीचा तो एक नियम

क्रम सोपा आहे. निकाल, मग महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी, मग अखिल भारतीय बार परीक्षा. तात्पुरत्या नोंदणीनंतर ही परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावी लागते. शेवटच्या वर्षात असतानाही तिला बसता येते, त्याचा फायदा घ्या. नोंदणी शुल्काबाबत सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ च्या निकालात सांगितले आहे की कायद्यात दिलेल्या रकमेपेक्षा जास्त घेता येणार नाही: सर्वसाधारण प्रवर्गाला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये. मुद्रांक शुल्क लागू असेल तर ते वेगळे.

आता तो नियम. बार कौन्सिलच्या व्यावसायिक आचारनियमांतील नियम ४९ प्रमाणे वकिली करत असताना पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. संस्थेत पूर्णवेळ पगारावर रुजू झालात तर बार कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागते. कित्येक जण कळवतच नाहीत, किंवा नोकरीची वर्षे वकिलीची म्हणून दाखवतात. पुढे ज्या पदाला ठरावीक वर्षांची वकिली लागते तिथे हे उघडे पडते.

तपासा: नेमणूकपत्रात "पगार" आहे की "व्यावसायिक शुल्क"? भविष्य निर्वाह निधी, हजेरी, रजा यांचा उल्लेख आहे का? बाहेरची प्रकरणे घेता येतात का? सहीआधी हे पत्र एखाद्या अनुभवी वकिलाला दाखवा.

## टप्पा ६: आता वाट निवडा

सीनियरचे चेंबर. पाया यानेच पक्का होतो. तीन वर्षांच्या वकिलीनंतर विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलसाठी, म्हणजे मोफत प्रकरणे सोपवायच्या वकिलांच्या यादीसाठी, अर्ज करता येतो. पॅनेलवरच्या वकिलाने मोफत सहाय्य मिळालेल्या पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो, झेरॉक्स किंवा प्रवासाच्या नावानेही नाही.

लोकअभिरक्षक कार्यालय. नालसाच्या, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, २०२२ च्या योजनेतून जिल्ह्यांत ही कार्यालये सुरू झाली. मोफत सहाय्यास पात्र आरोपींचा रिमांडपासूनचा बचाव ती करतात. मुख्य लोकअभिरक्षकाला फौजदारी वकिलीची किमान १० वर्षे, उपमुख्य लोकअभिरक्षकाला ७ वर्षे लागतात. सहायक लोकअभिरक्षकाची अट शून्य ते तीन वर्षांची, म्हणजे नव्या सनदेला दार उघडे आहे. काम पूर्णवेळ, कंत्राटी, आणि खासगी वकिली बंद. जाहिराती जिल्हा न्यायालयाच्या संकेतस्थळावर येतात. ज्याला सत्र न्यायालयातला बचाव शिकायचा आहे त्याने ही संधी सोडू नये असे मला मनापासून वाटते: मानधन ठरलेले, फाइलींचा तुटवडा नाही आणि शिकवायला वरिष्ठ शेजारच्याच टेबलावर. पण हे आरोपीच्या बचावाचे काम आहे. तुम्हाला पीडित महिलांच्या बाजूने उभे राहायचे असेल तर ही तुमची खुर्ची नव्हे.

संस्था. यांचे प्रकार ओळखा. ह्युमन राइट्स लॉ नेटवर्क ठिकठिकाणी खटले लढते. मुंबईतील मजलिस महिलांना कायदेशीर मदत करते. टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रयास हा उपक्रम तुरुंग आणि पोलीस ठाण्यांत समाजकार्याच्या अंगाने काम करतो. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी धोरणसंशोधन करते. कोर्टात उभे राहायचे असेल आणि संशोधनाच्या जागेवर अर्ज केला, तर दोन्ही बाजूंचा वेळ जातो.

सरकारी अभियोक्ता आणि न्यायाधीश. जनहित फक्त सरकारविरोधात उभे राहूनच साधते, हा समज सोडा. कमकुवत साक्षीदाराला धीर देणारा सहायक सरकारी अभियोक्ता आणि रिमांडच्या अर्जावर प्रश्न विचारणारा न्यायदंडाधिकारी यांच्यामुळे रोज माणसांची आयुष्ये बदलतात. दोन्ही पदांची भरती महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत होते. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. ही वर्षे तात्पुरत्या नोंदणीपासून मोजायची आणि न्यायमूर्तींकडे लॉ क्लार्क म्हणून केलेले काम त्यात धरायचे, असे त्या निकालात आहे. त्यामुळे "आधी क्लासेस, सनद नंतर बघू" ही योजना आता चालत नाही.

पुढचे शिक्षण. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने न्यायप्राप्ती या विषयावर एलएलएम आणले, ते या वाटेशी थेट जुळणारे. पण काम न मिळाल्याने काढलेली पळवाट म्हणून एलएलएम करू नका. दोन वर्षे कोर्टात काढून गेलात तर तिथल्या वर्गात विचारायला प्रश्न असतील.

## टप्पा ७: अर्ज

एकच ई-मेल तीस संस्थांना पाठवणे बंद करा. प्रत्येक अर्जात तीन गोष्टी: एक पानाचे पत्र, दोन पानांपर्यंतचा परिचय आणि लेखनाचा नमुना. पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात टप्पा १ मधले वाक्य आणि त्यावर तुम्ही आजवर काय केले ते यावे. "मला लहानपणापासून न्यायाची ओढ" हे कापा. त्याऐवजी लिहा: "जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात वर्षभर शनिवारी काम केले, कलम ४७९ खालच्या पात्रतेची टिपणे तयार केली."

नमुना म्हणून कॉलेजचा निबंध नको. जामीन अर्ज, तारखांची यादी किंवा फाइलवरचे टिपण द्या. नावे, गावे, गुन्हा क्रमांक काढून. ओळख न पुसता पाठवलेला नमुना हे अर्ज फेटाळण्याच्या सर्वांत योग्य कारणांपैकी एक, कारण पक्षकाराची गुप्तता तुम्ही कशी सांभाळाल याचे उत्तर तिथेच मिळते.

मुलाखतीत तुम्हीही विचारा: नव्या माणसाच्या कामावर देखरेख कोण करते? पहिल्या वर्षी कोर्टात उभे राहायला मिळते का? निधी किती काळाचा आहे? निधी संपला तर चालू खटले कोण पुढे नेते? शेवटच्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आले तर थांबून विचार करा.

## टप्पा ८: पहिले वर्ष

डायरी एकच ठेवा आणि रोज संध्याकाळी भरा: आजचे काय झाले, पुढची तारीख, त्याआधी काय हवे. फोनमधली आठवण डायरीची जागा घेत नाही. तारखेच्या आदल्या दिवशी पक्षकाराला फोन करा. मजुरी बुडवून आलेल्या माणसाला "आज बोर्डावर नाही" हे कोर्टात पोहोचल्यावर कळणे हा त्याच्यावरचा अन्याय आहे, आणि तो टाळणे पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

मूळ कागद स्वतःकडे ठेवू नका. प्रती घ्या, मूळ परत करा, पोच लिहून घ्या.

मारहाण, अत्याचार, कोठडीतले मृत्यू यांच्या फाइली सतत वाचल्या की झोप उडते, चिडचिड वाढते. हा दुबळेपणा नाही. आठवड्यातून एकदा सीनियरशी किंवा सहकाऱ्याशी फक्त यावर बोलायची वेळ ठेवा, गरज वाटली तर समुपदेशकाकडे जा. आणि एकट्याने पेलवत नसलेली फाइल वेळेत सोपवा. तारखेच्या आदल्या रात्री नव्हे.

## टप्पा ९: जनहित याचिका, सगळ्यांत शेवटी

जनहिताची वकिली म्हणजे जनहित याचिका, या समजातूनच वरचे आठ टप्पे गाळले जातात. वर्तमानपत्राचे कात्रण जोडून केलेली याचिका टिकत नाही, आणि वाईट तयारीने फेटाळली गेली तर त्याच प्रश्नावर पुढे येणाऱ्याची वाट अवघड होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बलवंतसिंग चौफाल प्रकरणात याचिकाकर्त्याची विश्वासार्हता आणि मजकुराची सत्यता आधी तपासायला सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाचे जनहित याचिकांसाठीचे २०१० चे स्वतंत्र नियम आहेत. मसुद्याला हात घालण्याआधी ते वाचा.

त्याआधीचा क्रम असा:

1. ज्या अधिकाऱ्याचे काम आहे त्याला लेखी निवेदन द्या, पोच घ्या.
2. माहिती अधिकारात अर्ज करा. उत्तराची मुदत ३० दिवस. जीवित किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. उत्तर न आल्यास किंवा न पटल्यास ३० दिवसांत पहिले अपील, त्यानंतर ९० दिवसांत दुसरे.
3. कायद्यात दुसरी दाद आहे का ते पाहा: न्यायाधिकरण, आयोग, अपील प्राधिकारी. असेल तर आधी तिथे जा, नाहीतर का गेलो नाही याचे ठोस कारण तयार ठेवा.
4. ज्यांचा प्रश्न आहे त्यांची शपथपत्रे, छायाचित्रे, मोजण्या, तारखा गोळा करा.
5. याच विषयावर आधीची याचिका प्रलंबित आहे का ते शोधा. असेल तर नवी करण्यापेक्षा तिच्यात हस्तक्षेप अर्ज बरा.
6. मागणी अंमलात येण्यासारखी लिहा. "योग्य ती पावले उचलावीत" यातून काहीच निघत नाही. कोणत्या अधिकाऱ्याने, काय, किती दिवसांत, आणि अहवाल कधी द्यायचा, ते मागा.

तपासा: ज्या वस्तीच्या नावाने याचिका करताय तिथल्या लोकांना ती वाचून दाखवली का? त्यांना नको असलेली मागणी त्यात शिरली असेल तर ती काढा, मग शपथपत्रावर सही घ्या.